जांभळ्या शेतात जायचंय? आधी कापणीची तारीख विचारा!

ग्रुपवर कुणीतरी जांभळ्या शेतातला फोटो टाकतो, खाली चाळीस हार्ट पडतात, 'आपण कधी?' असा मेसेज येतो आणि गोव्याच्या प्लॅनसारखाच हाही प्लॅन तिथेच झोपतो. कारण लॅव्हेंडर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो फ्रान्समधला प्रोव्हान्स आणि प्रोव्हान्स म्हटलं की डोळ्यांसमोर येतो व्हिसाचा खर्च. पण त्यासाठी सातासमुद्रापार जायची गरज नाही. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातलं भद्रवाह गाठा. महाबळेश्वरपेक्षा थोडंसं उंच, देवदारांनी वेढलेलं खोरं, आणि उतारावरच्या छोट्या छोट्या शेतांत लॅव्हेंडर.

'छोट्या छोट्या' हे मुद्दाम सांगितलं. क्षितिजापर्यंत जांभळा गालिचा अशी अपेक्षा ठेवून जाल तर हिरमोड होईल. इथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या मका लावायचे. 'सीएसआयआर'च्या जम्मूतल्या 'आयआयआयएम' या संस्थेने अरोमा मिशनमध्ये त्यांना लॅव्हेंडरची रोपं दिली, लागवड शिकवली, तेल काढायची यंत्रं बसवून दिली. हे झाड पाणी कमी मागतं, माकडं-गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत आणि एकदा लावलं की दहा-पंधरा वर्षं उत्पन्न देतं. पहिली दोन वर्षं मात्र हातात फारसं काही येत नाही. घरचा मका उपटून दोन वर्षं वाट बघायची, हे अंगावर घेणाऱ्यांच्या जिवावर ही 'पर्पल रिव्होल्यूशन' उभी राहिली. २०२२ मध्ये भद्रवाहला पहिला लॅव्हेंडर फेस्टिव्हल झाला आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला हीच गोष्ट चित्ररथ होऊन कर्तव्यपथावर आली.

आता मुद्द्याचं. जायचं कधी? जूनचा पहिला पंधरवडा धरा. फुलं मेअखेरीपासून दिसायला लागतात, पण खरी मेख कापणीत आहे. हे शेत आहे, बाग नाही. फुलं तेलासाठी लावलेली असतात आणि ती ऐन बहरात असतानाच कापतात. म्हणजे तुमच्या फोटोला जो दिवस बेस्ट, तोच शेतकऱ्याच्या विळ्यालाही. जुलैत 'आरामात' गेलात तर हिरव्या खुंटांसोबत सेल्फी काढावी लागेल! त्यामुळे तिकिटाआधी तिथल्या होमस्टेवाल्याला फोन लावा आणि 'फुलं आहेत का?' असं मोघम न विचारता 'कापणी कधी?' असं विचारा. खालच्या शेतांतली आटोपली असली तरी वरच्या उतारांवर काही दिवस जास्त मिळतात.

कापणीच्या दिवसांत पोहोचलात, तर माझ्या मते तुम्ही जास्त नशीबवान. फुलांच्या पेंढ्या मोठ्या टाकीत भरतात, खालून वाफ सोडतात, ती वाफ थंड केली की पाण्यावर तेल तरंगतं. शंभर किलो ताज्या फुलांमागे तेल साधारण किलोभरच. हा हिशेब समोर बघितल्यावर बाजारातल्या स्वस्त 'लॅव्हेंडर ऑइल'च्या बाटलीत नेमकं काय असेल, हा प्रश्न आपोआप पडतो.

प्रवास लांबचा आहे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस, दोन रात्री गाडीत. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे जूनच्या तिकिटासाठी एप्रिलमध्येच, सबमिशन आणि परीक्षेच्या धामधुमीत बोट तयार ठेवायला हवं. जम्मूहून पुढे बस किंवा शेअर गाडी. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा, मग बटोत, मग चिनाबच्या कडेकडेने पुल डोडा आणि तिथून भद्रवाह. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण सहा-सात तास धरा. गाडी लागणाऱ्यांनी पुढची सीट आधीच पटकवावी. येऊन-जाऊन आठ दिवस हवेत; चार दिवसांत 'करून येऊ' म्हणणाऱ्याला ग्रुपमधून वगळा.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो : 'तिकडे सेफ आहे का?' त्यावर 'काही होत नाही गं आई' हे उत्तर चालणार नाही. डोडा परिसरात सुरक्षा दलांच्या कारवाया होत असतात. २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर जम्मू-काश्मीरमधली कित्येक पर्यटनस्थळं बंद ठेवली गेली होती. म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना बघा, आधार कार्ड जवळ ठेवा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. ग्रुपमधल्या निदान दोघांकडे तरी पोस्टपेड हवंच, नाहीतर 'पोचलो' हा एक मेसेज गेला नाही म्हणून इकडे घर डोक्यावर घेतलं जाईल.

शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा आणि ओळींच्या मधून चाला. कासला फुलं तुडवली जायला लागली, तेव्हा ऑनलाइन बुकिंग आणि रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आली. इथे तर पायाखाली येतं ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न. फुलांवर मधमाश्या भरपूर असतात, त्यामुळे रीलसाठी झाडात लोळण घेणाऱ्याचा हिशेब त्या परस्पर चुकता करतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

एवढ्या लांब जाताय तर एक दिवस जय खोऱ्यासाठी ठेवा आणि गावातलं वासुकी नागाचं देऊळ चुकवू नका. परतताना तेलाची छोटी बाटली किंवा सुकवलेल्या फुलांची पुरचुंडी शेतकऱ्याकडूनच घ्या. बाटली मात्र सॅकमध्ये उभी आणि प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवा, परतीच्याही दोन रात्री गाडीत काढायच्या आहेत.