मंद आच आणि जलद चार्जिंग



एका रविवारच्या संपर्कसत्रात सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मंद आचेवर शिजलेलं अन्न चांगलं, तसंच मंद चार्जिंग चांगलं ना?" फोनसोबत मिळालेला 67 वॅटचा चार्जर त्याने कपाटात जपून ठेवला होता. घरातल्या जुन्या 10 वॅटच्या चार्जरला तो रात्री फोन लावी आणि उशीखाली ठेवून झोपी जाई. एवढी काळजी घेऊनही दीड वर्षात बॅटरी दुपारीच मान टाकू लागली होती. त्या दिवशी आमचा विषय दृष्टांत आणि रूपक हा होता. प्रश्न विषयाबाहेरचा वाटला, तरी तो तसा नव्हता. चुकीच्या दृष्टांतावर विसंबल्याने नुकसान कसे होते, याचे उदाहरणच त्याने समोर ठेवले होते.

प्रथम आकडे पाहू. 5000 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास ऊर्जा मावते. 10 वॅटच्या चार्जरला ती भरण्यास दोन-अडीच तास लागतात. या हिशेबाने 67 वॅटच्या चार्जरने ती 20 मिनिटांच्या आत भरायला हवी; प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. कारण 67 हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. तो वेग आरंभीची थोडी मिनिटेच टिकतो, पुढे फोन स्वतःच वेग कमी करीत जातो. किती वीज घ्यायची हे फोन ठरवतो, चार्जर नव्हे. म्हणून मोठा चार्जर लावल्याने छोटा फोन जळेल, ही भीती निराधार आहे. चार्जर आणि केबल मात्र प्रमाणित असावी.

फोन वेग का कमी करतो? नाशिकच्या सीबीएसवर रिकामी एस.टी. लागल्याचे दृश्य आठवा. पहिले प्रवासी भराभर चढतात आणि दिसेल त्या आसनावर बसतात. गाडी भरत आली की जागा शोधावी लागते. त्या वेळीही वाहकाने लोकांना पहिल्याच वेगाने आत रेटले, तर दारातच गर्दी साचेल. बॅटरीतील ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियमचे आयन असेच जागा घेतात. आत शिरायला अवसर मिळाला नाही, तर ते पृष्ठभागावरच धातुरूपाने साचतात. त्यातील बराचसा लिथियम पुन्हा उपयोगी पडत नाही आणि क्षमता कायमची घटते. जलद चार्जिंगचा खरा धोका तो हाच. तो टाळण्यासाठीच आरंभी वेगवान आणि शेवटी संथ अशी रचना फोनमध्ये केलेली असते.

दुसरा शत्रू उष्णता. ग्राफाइटवर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो आवश्यक असतो. परंतु उष्णतेने तो जाड होत जातो आणि त्यासाठी लिथियम खर्ची पडत राहतो. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की त्याच मार्गात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. म्हणून काही उत्पादक एका बॅटरीऐवजी दोन जोडतात, म्हणजे तितक्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो. काहींनी उष्णता निर्माण करणारे काम फोनमधून काढून चार्जरमध्ये नेले आहे. फोन थंड राहतो, चार्जर तापतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या उशीकडे वळू. त्याच्या चार्जरचा वेग कमी होता हे खरे. पण निर्माण झालेली थोडीशी उष्णताही उशीखालून बाहेर पडू शकत नव्हती. शिवाय फोन तीन तासांत भरून उरलेली रात्र 100 टक्क्यांवर राहत होता. पूर्ण भरलेल्या अवस्थेत बॅटरीतील विद्युतदाब सर्वाधिक असतो. ऊब आणि हा दाब एकत्र आले की झीज वाढते. तोच फोन टेबलावर उघडा ठेवून जलद चार्जरने अर्धा तास भरला असता, तर तुलनेने कमी झिजला असता. बॅटरीच्या बाबतीत मंद आचेतला 'मंद' उपयोगी आहे, 'आच' घातक आहे. उशीखाली फोन तापणे आगीच्या दृष्टीनेही धोक्याचे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात दोन्ही टोकांचे हवामान आहे. मालेगावचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तर निफाडच्या द्राक्षपट्ट्यात जानेवारीत बागा वाचवण्यासाठी शेकोट्या पेटवाव्या लागतात. लिथियम-आयन बॅटरी सामान्यतः 0 ते 45 अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करावी, असा दंडक आहे. मालेगावला मे महिन्यात मोटारीच्या काचेजवळ चार्जिंगला ठेवलेला माझा फोन तापमानाची सूचना देऊन थांबला होता. मला राग आला. वास्तविक तो स्वतःचे रक्षण करीत होता. थंडीत उलट घडते: आयनांची हालचाल मंदावते आणि दारातली गर्दी कमी वेगातही होऊ शकते. रात्रभर बागेत राहिलेला फोन घरात आणल्यावर थोडा वेळ थांबून मग चार्जिंगला लावावा.

ज्या घरी वीज मोजके तास असते, तिथे जलद चार्जिंग हे वरदान आहे, असे माझे मत आहे. वीज असताना 20 वरून 70 टक्क्यांपर्यंत फोन भरून घेण्यात काहीही गैर नाही. रात्रभर लावणे अपरिहार्य असेल, तर 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय आज अनेक फोनमध्ये आहे. ती चालू करावी.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोनच्या बॅटरीने 800 आवर्तनांनंतरही किमान 80 टक्के क्षमता राखणे बंधनकारक झाले आहे. आज 50 आणि उद्या 50 टक्के वापर झाला, की एक आवर्तन पूर्ण होते. रोज एक आवर्तन झाले, तर 800 हा आकडा सव्वादोन वर्षांच्या आतच गाठला जातो, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या आरंभी. रोजचा वापर 60 टक्क्यांवर राहिला, तर तीन वर्षांत सुमारे 660 आवर्तने होतील. ज्यांचा फोन हाच वर्ग आणि हेच ग्रंथालय आहे, त्यांनी हा हिशेब प्रवेशाच्या दिवशीच करावा.

स्वयंअध्ययनासाठी : आपल्या चार्जरवर बारीक अक्षरांत छापलेले 'आउटपुट' वाचा. तिथे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या एक किंवा अनेक जोड्या दिसतील. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून वॅट काढा. त्यानंतर आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला हा आकडा समजेल असा दृष्टांत दहा ओळींत लिहा, आणि तो दृष्टांत कोणत्या ठिकाणी अपुरा पडतो हे अकराव्या ओळीत सांगा.