या वयात कसली भाषा शिकता?

प्राथमिक शाळेतले गुरुजी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. शेती मुलांच्या हातात जाते, चूल सुनेच्या हातात जाते, आणि जिच्या शब्दावर घर चालायचं त्या बाईला दुपार कशी काढावी हा प्रश्न पडतो. जेवण होतं, झोप होते, बाजाराच्या दिवशी चार माणसं भेटतात. पण सकाळी उठल्यावर आपली वाट पाहणारं एकही काम नसतं. हरसूलसारख्या गावात या अवस्थेला कुणी नाव देत नाही. ‘आता वय झालं’ म्हटलं की विषय संपतो.

अशा माणसाला एखादी परकी भाषा शिका असं सुचवलं की आधी हसू येतं आणि मागोमाग कारणं येतात. ती कारणं मी गंभीरपणे घेतो, कारण त्यातली बहुतेक गैरसमजावर उभी आहेत आणि त्यापायी माणसं आपली उरलेली वीस-पंचवीस वर्षं आधीच संपवून टाकतात.

‘आता डोक्यात काही शिरायचं नाही’

हा सगळ्यात जुना गैरसमज, आणि त्यात थोडं सत्य असल्यामुळे तो टिकून आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरू लागते, असं त्यात दिसलं. बातम्यांत मात्र ‘अठरानंतर भाषा शिकता येत नाही’ असं झालं. अभ्यास बोलत होता तो जन्मभाषकासारखं निर्दोष व्याकरण येण्याबद्दल. कामापुरती, वाचनापुरती, गप्पांपुरती भाषा येणं ही वेगळी गोष्ट आहे.

सुरुवातीच्या काळात तर मोठी माणसंच पुढे असतात. हॉलंडमध्ये राहायला आलेली इंग्रजीभाषक कुटुंबं डच कशी शिकतात याची पाहणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वयाची मुलं आणि प्रौढ माणसं सगळ्यात वेगानं शिकली, तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यात मागे राहिली. प्रौढ माणसाला नियम समजतो, तो तुलना करतो, आणि एखादी गोष्ट कळली नाही हे त्याला कळतं.

वयानं जे कमी होतं तेही सांगायला हवं. नवा शब्द पटकन आठवत नाही, उच्चारावर पहिल्या भाषेची छाप राहते, आणि ऐकू कमी येऊ लागतं. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं आहे. बरेचदा ‘डोक्यात शिरत नाही’ ही तक्रार खरं तर कानाची असते. परकी भाषा शिकायला बसण्याआधी कान तपासून घ्यावेत आणि चष्म्याचा नंबरही.

‘हे शहरातल्या शिकलेल्यांचं काम’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त लागतो, कारण हरसूल परिसरात तो वस्तुस्थितीच्या अगदी उलटा आहे.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, गुजरातच्या सीमेजवळच्या या आदिवासीबहुल भागात घरात कोकणा किंवा वारली बोलली जाते. शाळेत, दवाखान्यात, तलाठ्यापुढे प्रमाण मराठी लागते. धरमपूर-कपराड्याकडे सोयरीक असली तर गुजराती कानावर पडते आणि हळूहळू तोंडीही येते. आवणी उरकल्यावर किंवा भाताची कापणी झाल्यावर माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाहीतर वापीकडच्या कारखान्यांत मजुरीला जातात, तिथे हिंदी लागते. शाळेचं तोंड न पाहिलेली साठीची बाई यातल्या तीन भाषांत हिशेब करते, भांडते, लग्न ठरवते. त्या तिला कुणी वर्गात शिकवल्या नाहीत. काम पडलं, ऐकलं, चुकत बोलली, लोकांनी दुरुस्त केलं, आणि भाषा आली. शहरात हजारो रुपये भरून जी पद्धत विकत घेतात ती हीच.

भारतात यावर मोलाचं काम झालं आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. कधीच शाळेत न गेलेल्या माणसांमध्येही हा फरक होता, म्हणजे तो केवळ शिक्षणाचा परिणाम नव्हता. आपल्या भाषांची किंमत गावानं स्वतः ओळखावी यासाठी मला हा अभ्यास पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो.

शिवाय मराठी जाणणाऱ्याच्या हाती काही गोष्टी आयत्या असतात. इंग्रजी किंवा हिंदी बोलणारा माणूस जर्मन शिकायला बसला की तीन लिंगांपाशी अडखळतो. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. आपण रोज तो चमचा, ती वाटी, ते ताट म्हणतो, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. कोणत्या वस्तूला कोणतं, ते मात्र पाठच करावं लागतं. जपानीत तर वाक्याची मांडणीच आपल्या घरची आहे. ‘वाताशी वा गाक्को ए इकिमासु’ म्हणजे ‘मी शाळेला जाते’: आधी कर्ता, मग शाळा, तिच्या मागे ‘ला’सारखा प्रत्यय आणि शेवटी क्रियापद. इंग्रजी बोलणाऱ्याला हे वाक्य उलटं लावावं लागतं, आपल्याला नाही. ‘त्सुनामी’तला पहिला आवाज आपण ‘चमचा’ म्हणताना काढतोच.

अडचण दुसरीकडे आहे. जर्मन-जपानीची बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी आधी इंग्रजीच घ्यावी. तीही परकीच भाषा आहे, आणि आज साठी ओलांडलेल्यांना ती शाळेत मिळाली असेल तर पाचवीत किंवा त्याहून उशिरा. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली.

‘आधी उमेद यायला हवी, मग बघू’

इथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल झालेली असते. उदास माणूस उत्साह येण्याची वाट पाहत बसतो, आणि बसून राहिल्यामुळेच उत्साह येत नाही. मानसोपचारात यावर बेतलेली एक मान्य पद्धत आहे: वाटो न वाटो, ठरलेलं छोटं काम ठरलेल्या वेळी करायचं आणि मनाला मागून येऊ द्यायचं. भाषा अशा कामासाठी फार सोयीची आहे. काल न कळलेलं वाक्य आज कळतं. ही प्रगती इतकी लहान असते की रोज होऊ शकते, आणि तिच्यासाठी दुसऱ्या कुणाच्या कौतुकाची गरज पडत नाही.

आपल्या इतिहासात याची मोठी उदाहरणं आहेत. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ते ५२ वर्षांचे होत होते. मधुमेह होता, मंडालेच्या तुरुंगातला उन्हाळा होता, वर्तमानपत्रं मिळत नव्हती. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, त्याची बातमीच त्यांच्यापर्यंत पोचली. याच तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिलं हे सर्वांना माहीत असतं. तिथेच त्यांनी पुस्तकं मागवून, शिक्षकाशिवाय, जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचाही अभ्यास केला, हे मात्र कमी सांगितलं जातं. सहा वर्षं कोंडलेल्या माणसाला दिवसाला आकार देणारं काम लागतं, आणि व्याकरणाचं पुस्तक ते काम देतं.

पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांच्या अभ्यासाच्या आधारे बायबलचं साध्या मराठीत भाषांतर हाती घेतलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई स्वतः थकल्या होत्या, एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळातही भाषांतराचं काम सुरू राहिलं, आणि पुढे १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते छापून बाहेर पडलं.

हे वाचून ‘ती थोर माणसं होती’ म्हणून पान उलटू नये. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसल्या. त्या परकी भाषा शिकत नव्हत्या, पहिलं अक्षर गिरवत होत्या, आणि ते साठीनंतर परकी भाषा शिकण्याहून अवघड आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो औषधोपचाराचा प्रश्न आहे. त्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. भाषेचा वर्ग हा डॉक्टरला पर्याय नाही.

‘भाषा शिकलं की विसरभोळेपणा येत नाही’

हा उत्साही माणसांचा गैरसमज. वर सांगितलेला हैदराबादचा अभ्यास आयुष्यभर अनेक भाषांत वावरलेल्या माणसांचा आहे. साठाव्या वर्षी जर्मन सुरू केल्यानं स्मृतिभ्रंश टळतो असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि इतर देशांतल्या काही अभ्यासांत एवढा फरक आढळलेलाही नाही. उशिरा शिकण्याबद्दल स्कॉटलंडमधला एक लहानसा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्काय बेटावर १८ ते ७८ वयाच्या लोकांनी आठवडाभर गेलिक शिकली, तेव्हा त्यांची लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवण्याची क्षमता सुधारली. नऊ महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा आठवड्याला पाच किंवा अधिक तास सराव चालू ठेवणाऱ्यांत ती सुधारणा टिकून होती. माणसं थोडी होती, त्यामुळे यावर मोठे दावे करू नयेत. पण आठवड्याला पाच तास म्हणजे रोज पाऊण तासही नाही.

‘चारचौघांत बोलता आलं नाही तर उपयोग काय? लोक हसतील’

टिळक मंडालेत जर्मन बोलणार कुणाशी होते? त्यांना वाचायचं होतं, आणि वाचण्यापुरती भाषा हे पूर्ण उद्दिष्ट आहे. जपानी भाषेची जगभर मान्य असलेली जेएलपीटी परीक्षासुद्धा फक्त वाचणं आणि ऐकणं तपासते. तिच्यात बोलण्याची परीक्षा नाही आणि वयाची अटही नाही.

हसण्याचं म्हणाल, तर न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे पाहावं. १८८६ मध्ये फायनान्स कमिटीच्या कामासाठी ते कलकत्त्यात होते, वय ४४, मोठ्या हुद्द्यावर. दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यापुढे ते बंगाली वाचत आणि अडलेल्या शब्दांचे उच्चार त्यालाच विचारत. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलं आहे. महात्मा गांधी १९४६-४७ मध्ये नोआखालीत होते तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्या धामधुमीतही त्यांनी बंगालीचे धडे गिरवले, आणि आयुष्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत तो सराव ठेवला.

‘क्लास नाही, तर शिकणार कुठे?’

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मॅक्स म्युलर भवन आहे. हरसूलहून रोज तिथे जाणं शक्य नाही, आणि सुरुवातीला गरजही नाही. जर्मन सरकारी प्रसारण संस्था डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा पहिल्या पायरीपासूनचा चित्रफितींचा अभ्यासक्रम फुकट आहे. जपानच्या एनएचकेचे धडेही फुकट आहेत आणि ते हिंदीतूनही मिळतात. पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून बाजाराच्या किंवा नाशिकच्या फेरीत आठवड्याचे धडे मोबाइलमध्ये उतरवून आणावेत. तीन महिन्यांत फाडफाड बोलायला शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातीला पैसे देऊ नयेत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या निवडक, पूर्णवेळ शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना जपानीसाठी सुमारे २२०० तास देतं.

वेळ रोज एकच ठेवावी आणि ती लहान ठेवावी, वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. कालचा धडा आज, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं उजळावा. एका बैठकीत तीन तास घोकण्यापेक्षा असं अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं.

इंग्रजीपासून सुरुवात करणाऱ्यांना शिक्षक बहुधा घरातच मिळेल. आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून या भागातली मुलं नाशिककडच्या नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत शिकतात आणि सुट्टीत घरी येतात. आजी-आजोबांशी त्यांचं बोलणं चार वाक्यांत संपतं, कारण मुलांच्या दिवसातला अर्धा भाग इंग्रजीत घडलेला असतो. बालभारतीचं पहिलीचं इंग्रजी पुस्तक पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यातले पहिले दहा धडे करून ठेवावेत आणि पुढचे नातवंडांकडून शिकावेत. त्यांना शिकवायला आवडतं, आणि आजोबा चुकले की दुरुस्त करताना ती जराही भीड ठेवत नाहीत.