दुर्बीण घेताना आकड्याला भुलू नका

थंडी पडू लागली की आपल्याकडचे तलाव आणि धरणांचे काठ पाहुण्या पक्ष्यांनी भरून जातात. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधले दिवस राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरे होतात. शाळेत कार्यक्रम होतो आणि मुले घरी येऊन म्हणतात, "बाबा, मला दुर्बीण पाहिजे."

दुर्बीण काही रोज लागणारी वस्तू नाही. पगारावर चालणाऱ्या घरात ती एकदाच घेतली जाते, म्हणून पारखून घ्यायला हवी. आमची पहिली खरेदी फसली. ती हकिगत आधी सांगतो, कारण त्यात पैशापेक्षा मोठे नुकसान होणार होते.

आमची फजिती

आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. जत्रेत एका फेरीवाल्याकडे काळीभोर, लाल भिंगांची दुर्बीण दिसली. तिच्यावर '५०×५०' असे छापलेले होते. "साहेब, डोंगरापलीकडचं दिसेल," असे तो म्हणाला आणि आम्ही बाराशे रुपये मोजले.

पुढच्या रविवारी ती घेऊन आम्ही निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला गेलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे हे अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाण्यावर शेकड्यांनी पक्षी होते, पण दुर्बिणीतून सगळे निळसर, थरथरते आणि दोन-दोन दिसे. अर्ध्या तासात मुलीचे डोके दुखू लागले. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई, माझेच डोळे खराब आहेत वाटतं. मला नाही जमणार."

डोळे तपासून आणले. डोळे उत्तम होते, दोष वस्तूत होता. पण आमच्या मुलीने तो स्वतःकडे घेतला आणि पक्ष्यांची वही कपाटात टाकली. वर्षभराने आग्रह करून तिला पुन्हा तिथे नेले, तेव्हा गाईडने आपली जुनी, कडा घासलेली दुर्बीण तिच्या हाती दिली. तिच्यावर फक्त '८×४२' लिहिलेले होते. तिने ती डोळ्याला लावली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही. "बाबा, शेकाट्याचे पाय गुलाबी आहेत!"

त्या दिवसापासून आम्ही चौकशीला लागलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

आकडे काय सांगतात?

८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. ४२ म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहिला आकडा मोठा तेवढी दुर्बीण चांगली, हा समज चुकीचा आहे. पक्षी जितक्या पटीने मोठा होतो, तितक्याच पटीने आपल्या हाताचा कंपही मोठा होतो. शिवाय बहुधा नजरेत मावणारा प्रदेश लहान होतो आणि फांदीवरून उडालेला पक्षी पुन्हा सापडत नाही. हातात धरून बघायला ८ पट पुरे, सवय झाल्यावर फार तर १०. हातातल्या स्वस्त दुर्बिणीवर ३०, ५० असे आकडे दिसले तर तिथून पुढे चालू लागावे. 'झूम' दुर्बिणीचा मोहही टाळावा.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच. डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत इतके मिलिमीटर रुंद असतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे खिशात मावणारी ८×२५ सुद्धा चालून जाते. पण पक्षी पहाटे आणि सांजवेळी हालतात. तेव्हा बाहुली मोठी होते आणि छोटी दुर्बीण अंधुक वाटते. वजन नको असेल तर ८×३२ हा मधला मार्ग आहे.

पैसे कशाचे पडतात?

साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के उजेड परत फेकतो. दुर्बिणीत असे दहा किंवा अधिक पृष्ठभाग असतात. लेप नसेल तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. म्हणून माहितीपत्रकावर 'फुल्ली मल्टी-कोटेड' हे शब्द शोधावेत. लाल भिंगे दिसायला ऐटबाज, पण ती लाल उजेड परत फेकतात. आमचे पक्षी निळसर दिसत होते ते त्यामुळेच.

आतल्या लोलकांच्या रचनेवरून दोन जाती पडतात. खांद्यासारखी पसरट ती पोरो जातीची. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ साली त्या रचनेचे पेटंट घेतले होते. सरळ नळ्यांची ती रूफ जातीची. कमी पैशात पोरोचे चित्र बहुधा अधिक चांगले मिळते. रूफ आटोपशीर असते आणि पाण्यापासून बंदिस्त करायला सोपी, पण तिच्या लोलकांवर 'फेज कोटिंग' असल्याची खात्री करावी.

मध्यम किंमत म्हणजे आमच्या हिशेबाने साधारण आठ ते पंधरा हजार रुपये. लाखाच्या वरच्याही दुर्बिणी असतात आणि त्या सरस असतातच, पण किंमत दसपट झाली म्हणून पक्षी दसपट स्पष्ट दिसत नाही. एवढी रक्कम एकट्या घराला जड वाटत असेल तर तीन-चार घरांनी मिळून किंवा वस्तीतल्या वाचनालयासाठी एक चांगली दुर्बीण घ्यावी. चार वाईट दुर्बिणींपेक्षा ती बरी.

दुकानात सगळ्यांनी जावे

घरात दुर्बीण एक असते आणि डोळे अनेकांचे. म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही मुलीला आणि आबांनाही दुकानात नेले. तिथे पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. लहान मुलांच्या डोळ्यांमधले अंतर कमी असते. बिजागरी पूर्ण मिटवून दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ दिसते का, हे मुलाने स्वतः सांगावे.

२. चष्मेवाल्यांनी 'आय रिलीफ' विचारावा. भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते, ते हे अंतर. चष्म्यासाठी ते निदान १५-१६ मिलिमीटर हवे. उदाहरणार्थ, निकॉनची ॲक्युलॉन ए-२११ ८×४२ ही पोरो जातीची चांगली दुर्बीण आहे, पण तिचे हे अंतर १२ मिलिमीटर असल्याने चष्मा लावून बघणाऱ्याला ती अडचणीची.

३. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करावी, सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचे गोल ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडा करड्या आणि चौकोनी दिसल्या तर आतली काच हलकी.

४. रस्त्यापलीकडची पाटी वाचावी. मधली अक्षरे स्वच्छ हवीत, कडेची फार फिसकटू नयेत. मग सज्जाखालच्या सावलीत बघावे.

५. दूरचा खांब दोन मिनिटे बघत राहावे. तो दोन दिसला किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण फुकटही घेऊ नये.

६. पट्टा गळ्यात अडकवून थोडे फिरावे. सातशे ग्रॅम वजन दुकानात जाणवत नाही, दुपारी मान सांगते.

दुकानदार वैतागला तरी संकोच करू नये. पैसे आपल्या घामाचे आहेत.

घरी आणल्यावर

चांगली दुर्बीणही जुळवल्याशिवाय नीट दिसत नाही. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवावी. ती खूण प्रत्येकाने लक्षात ठेवावी. काच पुसण्याआधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. धूळ तशीच घासली की लेपावर ओरखडे पडतात. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. नायट्रोजन भरलेली बंदिस्त दुर्बीण मिळाली तर आतून वाफ धरत नाही.

आम्ही शेवटी रूफ जातीची ८×४२ घेतली, कारण ती आबांच्या चष्म्याला आणि मुलीच्या डोळ्यांना दोन्हीकडे जमली. पहिल्याच रविवारी नांदूरच्या मनोऱ्यावरून मुलीने ती आबांच्या हाती दिली. आबांचे बालपण गोदाकाठी गेलेले. काठाजवळ पोहणाऱ्या वारकरी पक्ष्याकडे ते खूप वेळ बघत राहिले.

"लहानपणापासून बघतोय गं याला," ते म्हणाले. "काळं अंग, कपाळावर पांढरं. पण याचे डोळे लाल असतात, हे आज कळलं."

मुलीने कपाटातून काढलेली वही उघडली आणि ते लिहून घेतले.