तारप्याचा भोपळा आणि ध्वनिक्षेपकाची पेटी

लाखो रुपये मोजून ध्वनिक्षेपकांची जोडी घरी आणणाऱ्या शौकीन मंडळींत एक जुनी तक्रार अद्याप निकालात निघालेली नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, उंच स्वरांचा ट्वीटर बेरिलियमचा, खर्जाचा वूफर कार्बनतंतूंचा आणि तारा शुद्ध चांदीच्या असल्या, म्हणजे सुटे भाग अव्वल दर्जाचे असले, की आवाज अव्वल निघालाच पाहिजे; दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, भाग बेताचे असले तरी हरकत नाही, त्यांचा परस्परांशी मेळ कसा घातला आहे यावरच सारे अवलंबून आहे. ही तक्रार मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांतली खरी. परंतु तिच्या निवाड्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटणारा साक्षीदार पालघर जिल्ह्यात, एके काळी मुकणे घराण्याचे संस्थान असलेल्या जव्हारच्या आणि त्याला लागून असलेल्या मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात आहे. तो साक्षीदार म्हणजे तारपा.

भाताचे पीक हाती येऊ लागले की दिवाळीच्या सुमारास वारली, कोकणा या समाजांच्या पाड्यांवर तारपा निघतो, आणि वादकाला मध्ये घेऊन, एकमेकांच्या कमरेला हातांची गुंफण घालून नाचणाऱ्यांची साखळी त्याच्या भोवती फिरू लागते. त्याची धून पालटली की पावलेही पालटतात. या वाद्याची सामग्री पाहावी तर एक वाळवलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, मधमाश्यांचे मेण आणि ताडाची पाने. भोपळा पोकळ करून त्यात फुंकर घालण्याची सोय केलेली असते; नळ्यांची वरची टोके त्यात बसवलेली असतात आणि तिथेच, वादकाच्या ओठांना न लागता, बांबूच्याच पातळ सालीची जीभ थरथरत असते. नळ्यांवर बोटांसाठी भोके असतात, सांधे मेणाने बुजवलेले असतात आणि खालच्या टोकाला ताडाची पाने गुंडाळून केलेला, तोंडाकडे रुंदावत जाणारा कर्णा असतो. नाकाने श्वास घेत आणि गालांत साठवलेल्या हवेने फुंकर चालू ठेवीत वादक हे वाद्य अखंड वाजवतो.

यातली कोणती वस्तू ‘उच्च दर्जाची’ म्हणावी? जीभ एकटी वाजवली तर ती केवळ चिरकते. तिच्या टोकावर मेणाचा बारीकसा कण ठेवला की ती जड होते आणि सूर उतरतो; तो कण किती मोठा असावा हे ठरवताना मेणाची जात विचारण्याचे काही कारण नसते, शेजारच्या नळीचा सूर मात्र विचारात घ्यावाच लागतो. कर्ण्याचे काम तर निव्वळ भूमितीचे आहे. नळीच्या अरुंद तोंडाशी असलेला दाब बाहेरच्या मोकळ्या हवेत एकदम सोडला तर पुष्कळशी शक्ती आतच परतते. मार्ग हळूहळू रुंद करीत नेला तर ती बाहेर पडते. कर्ण्याच्या तोंडाचा घेर स्वराच्या तरंगलांबीच्या जवळपास असला म्हणजे तो स्वर नीट बाहेर जातो, असा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने वीतभर रुंदीचे तोंड, म्हणजे सुमारे सव्वादोन फुटांचा घेर, सेकंदाला साधारण ४७५ कंपनांच्या वरच्या स्वरांना उपयोगी पडते. ते ताडाच्या पानांचे केले काय किंवा पितळेचे केले काय, हा आकडा फारसा हलत नाही.

असे म्हटले की पहिल्या पक्षाचे लोक हसतात, म्हणून एका प्रयोगाची साक्ष काढतो. जॉन कोल्टमन या अमेरिकन संशोधकाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून एकाच मापाच्या बासऱ्यांची परीक्षा मांडली. ऐकणाऱ्यांना त्या दिसत नव्हत्या आणि वाजवणाऱ्यांनाही हातातली बासरी कशाची आहे हे कळू नये अशी तजवीज होती. दोघांनाही धातू आणि लाकूड यांतला फरक ओळखता आला नाही.

आता विजेच्या ध्वनिक्षेपकाकडे वळू. आज घरोघरी दिसणाऱ्या नमुन्याचा पाया चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली घातला, आणि त्यांच्या त्या पहिल्या निबंधातच हवा हलवणाऱ्या शंकूइतकेच त्याच्या भोवतीच्या फळीला महत्त्व आहे. कारण शंकूच्या पाठीमागून निघणारा आवाज वळसा घालून पुढे आला की तो पुढच्या आवाजाला, विशेषतः खर्जाला, खाऊन टाकतो. पेटी म्हणजे भाग बसवण्याचे खोके, ही समजूत जन्मापासूनच चुकीची. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले आणि लहानशा पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. १९६१ साली ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी शंकूचे वजन, त्याचा ताण आणि पेटीचे आकारमान यांचे गणित एकत्र मांडले. त्या निबंधाची दखल जगाने दहा वर्षांनी घेतली, आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्याची पुढची मांडणी केली. तेव्हापासून एखादा वूफर ‘चांगला’ आहे हे विधान अपुरे ठरले. तो किती लिटरच्या पेटीत चांगला, हे सांगावे लागते.

या वादातला सर्वांत बोलका दाखला बीबीसीच्या ‘एलएस ३/५ए’चा. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावावा म्हणून सत्तरीच्या दशकात तयार केलेला हा जेमतेम फूटभर उंचीचा ध्वनिक्षेपक. त्यातले वूफर आणि ट्वीटर हे दोन्ही ड्रायव्हर केईएफ कंपनीच्या नेहमीच्या उत्पादनातले, त्यांपैकी वूफरचा शंकू साध्या प्लास्टिकचा. खर्च झाला होता तो अक्कलेचा. पेटीच्या भिंती मुद्दाम पातळ ठेवून आतून कंपशोषक थर दिला होता, ट्वीटरभोवती जाड लोकरी कापडाची चौकट बसवली होती, आणि दोन ड्रायव्हरांत स्वरांची वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरने त्यांचा प्रत्येक दोष हिशेबात धरून झाकला होता. मानवी आवाज त्यातून इतका स्वाभाविक येत असे की जुन्या जोड्यांना आजही गिऱ्हाईक आहे.

मात्र याच कथेचा उत्तरार्ध दुसऱ्या पक्षाने जपून वाचावा. वर्षे उलटली तशी कारखान्यातून येणाऱ्या त्या वूफरची वागणूक मूळ नमुन्यापासून थोडी सरकू लागली, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला. भाग स्वस्त असला तर चालतो. आज एक आणि उद्या दुसरा असे वागून चालत नाही. माझ्या मते सुट्या भागांच्या गुणवत्तेचा खरा अर्थ हा एकसारखेपणाच आहे, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या धातूंच्या नावांशी त्याचा संबंध नाममात्र असतो. शिवाय प्रत्येक भागाला एक किमान पातळी लागतेच. तडकलेल्या भोपळ्यातून हवा गळते, आणि तिथे रचनेचे कौशल्य निरुपयोगी ठरते. तसेच मोठ्या आवाजाला तापून स्वर दाबणारी वायरची गुंडाळी कोणत्याही पेटीत घातली तरी दाबणारच.

तारपा घडवणाऱ्याला एकसारखेपणाची ही चैन परवडत नाही, कारण वेलीवर दोन भोपळे एका मापाचे धरत नाहीत. म्हणून त्याला प्रत्येक वाद्यात नळ्या, जीभ आणि कर्णा यांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या लाडक्या धिंडा हे तारपा वाजवतात तसा घडवतातही. नव्वदी ओलांडलेल्या या कलावंताला २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. कारखान्यातला अभियंता जे मापनयंत्रावर पाहतो ते अशा कारागिराला कानाने आणि बोटांनी जोखावे लागते, आणि तेही दर भोपळ्यामागे.

तेव्हा माझा निवाडा रचनेच्या बाजूने आहे. ध्वनिक्षेपक घ्यायला निघालेल्या वाचकाने शंकू कशाचा आहे हे विचारण्यापूर्वी ध्वनिक्षेपक आपल्या खोलीच्या आकाराला पुरेल की नाही आणि भिंतीपासून किती अंतरावर ठेवायचा हे विचारावे. दुकानदाराला दोन जोड्या एकाच पातळीच्या आवाजावर लावायला सांगावे, मध्ये एक पातळ कापडी पडदा धरायला लावावा आणि आपल्या नित्य परिचयाच्या गायकाचा आवाज ऐकून निवड करावी. किंमत पडदा काढल्यावर विचारावी.