शरणपूर ते लिमुरू

परंड्याच्या किल्ल्याची गोष्ट मलिक अंबरला वगळून सांगता येत नाही. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, निजामशाही बुडाली असेच सगळे धरून चालले होते. तेव्हा या हबशी सरदाराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि राजधानी केली ती आमच्या परंड्याला. 'मुलूख-ए-मैदान' तोफ जगाला विजापूरची म्हणून ठाऊक आहे. ती १६३२ पर्यंत परंड्यात होती, हे आम्ही परंडेकर आल्या पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. अंबर मात्र मूळचा इथियोपियाचा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, एकामागून एक बाजार पाहत दख्खनेत येऊन पोचलेला.

तेव्हा आफ्रिकेतून माणसे इकडे आली, हे आम्हाला शाळेच्या वयापासून माहीत असते. पण इकडून तिकडे काय गेले? असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. रेल्वेचे रूळ टाकणारे मजूर गेले, गुजराती दुकानदार गेले, गांधीजी गेले. मी गेली काही वर्षे वेगळ्याच एका उत्तरामागे लागलो आहे. केनियात, नैरोबीपासून फार लांब नाही अशा लिमुरू नावाच्या थंड हवेच्या गावी, चहाच्या मळ्यांच्या मुलखात, 'सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी' नावाचे ख्रिस्ती विद्यापीठ आहे. आज तिथे धर्मशास्त्राबरोबर व्यापार, संगणक, पत्रकारिता असे सारे शिकवतात. या विद्यापीठाच्या मुळांचा माग काढत मागे मागे गेले, की एक मूळ चक्क आपल्या नाशिकला येऊन पोचते.

नाशिकचा शरणपूर रोड कोणाला ठाऊक नाही? पण शरणपूर हे नाव त्या भागाला कुठून आले, हे तिथल्या रिक्षावाल्यापासून बंगलेवाल्यापर्यंत फार थोड्यांना सांगता येते. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेने १८५४ साली नाशिकच्या वेशीबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसवली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख पाद्री. शरण आलेल्यांचे गाव ते शरणपूर. नाव अस्सल मराठी आणि अर्थ उघड. पुढे १८६० च्या सुमारास तिथे अशी मुले येऊ लागली, की ज्यांना नाशिककरांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

ती आफ्रिकेची मुले होती. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे जात. इंग्रजांच्या आरमारी बोटी त्यांतली काही पकडत. सुटलेल्या माणसांना परत त्यांच्या गावी पोचवावे, तर गाव कुठले हे त्या लेकरांना सांगता येत नसे. सांगता आले तरी तिथे पुन्हा पकडले जाण्याचीच भीती. मग काहींना एडनला उतरवीत, काहींना मुंबईला. मुंबईत उतरलेल्यांपैकी बरीच मुले मिशनच्या हवाली होत आणि त्यांतली काही नाशिकला येत. गोदाकाठच्या गावात, रामकुंडापासून थोड्या अंतरावर, याओ आणि इतर आफ्रिकी जमातींची पोरे बाराखडी गिरवत होती, सुतारकी आणि लोहारकी शिकत होती. हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलांना कोणी काही विचारले नव्हते. पकडणाऱ्यांनी विचारले नाही हे तर झालेच, पण सोडवणाऱ्यांनीही नाही. त्यांची नावे बदलली, धर्म ठरवला, भाषा ठरवली. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन ही नावे इंग्लंडातल्या एखाद्या गिरणीगावात शोभावीत अशी. आईने ठेवलेले नाव कागदपत्रांच्या तळाशी गेले. मिशनने त्यांचा जीव वाचवला, हातांना कसब दिले, डोळ्यांना अक्षर दिले. हे मोठेच काम. परंतु दहा वर्षांच्या निराधार मुलाचा होकार हा होकार नव्हे, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकदमच मनात धराव्या लागतात. एक धरून दुसरी सोडणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, दोन्ही बाजूंचे.

ही मुले जगाच्या इतिहासात डोकावली ती डेव्हिड लिव्हिंग्स्टन या प्रवाशामुळे. १८६५ साली तो मुंबईस आला. नाईलच्या उगमाचा शोध घेण्याची त्याची अखेरची मोहीम ठरत होती आणि त्याला आफ्रिकी साथीदार हवे होते. नाशिकची काही मुले त्याच्याबरोबर निघाली. जानेवारी १८६६ मध्ये बोट मुंबईहून झांझिबारला गेली. वाटेत लिव्हिंग्स्टनने या 'नाशिक बॉइज'बद्दल तक्रारीच अधिक केल्या आहेत. आळशी आहेत, काम टाळतात, वगैरे. काहीजण त्याला सोडूनही गेले. गुलामगिरीतून सुटलेल्या तरुणाला पुन्हा दुसऱ्याचे ओझे डोक्यावर घ्यायचा कंटाळा आला असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही.

पुढे १८७२ साली स्टॅनलीने झांझिबारहून लिव्हिंग्स्टनसाठी आणखी माणसे धाडली. त्यांत जेकब वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेत शिकलेला, लिहिता-वाचता येणारा. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा भोवती एकही गोरा माणूस नव्हता. सुसी आणि चुमा हे त्याचे जुने सोबती पुढारी. चुमा मुंबईला डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेला. त्यांनी ठरवले, की साहेबाचा देह त्याच्या लोकांकडे पोचवायचा. हृदय आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली. देहाला मीठ लावून तो उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळला. जेकबने इंग्रजीत अंत्यविधीची प्रार्थना वाचली, त्या झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली आणि मृताच्या सामानाची यादी वहीत उतरवून घेतली. त्या एवढ्या रानात, ताप आणि भूक सोबतीला असताना, सामानाची यादी! मला या माणसाबद्दल जे प्रेम वाटते, ते त्या यादीमुळे. शाळा माणसाला काय देते, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मग हजार मैलांहून अधिक पायपीट करून ती मंडळी फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्यावरच्या बागामोयोला पोचली. मध्येच त्यांना इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला. देह इथेच पुरा, असा त्याचा सल्ला. त्यांनी तो मानला नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब वेनराइट होता.

या अंत्ययात्रेने इंग्लंडचे मन हलले. त्याआधीच, जून १८७३ मध्ये, झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली होती. त्यासाठी खटपट केली ती सर बार्टल फ्रियर यांनी, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या गृहस्थांनी. नाशिकची आफ्रिकी वसाहत त्यांना माहीत होती. आता सुटणाऱ्या गुलामांसाठी आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर गाव वसवायचे ठरले आणि ते काम दिले प्राइस यांना, त्याच शरणपूरच्या प्राइससाहेबांना. १८७५ साली मोम्बासा बेटासमोर जमीन घेतली. गावाचे नाव फ्रियरटाउन. तिथे राहायला, शिकवायला, बांधायला माणसे कुठून आणली? नाशिक आणि मुंबईहून. दीडशेच्या आसपास आफ्रिकी माणसे, बायकापोरांसह, अरबी समुद्र ओलांडून परत गेली. तिकडे त्यांचे नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन्स'.

परत गेली म्हणायचे, पण परत कुठे? ज्या किनाऱ्यावर उतरली ती त्यांची मायभूमी नव्हती. त्यांचे घर आत कुठेतरी शेकडो मैलांवर. अंगावर मिशनचे कपडे, कानात नाशिक-मुंबईची बोली, नाव इंग्रजी. स्थानिक लोकांना ती परकी वाटत आणि गोऱ्या पाद्र्यांना ती कधी पुरती आपली वाटली नाहीत. फ्रियरटाउनला एक घंटा टांगलेली होती, गुलाम पकडणारे आले तर इशारा द्यायला. त्या घंटेवरून मोम्बासाच्या त्या भागाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात. 'केंगेले' म्हणजे स्वाहिलीत घंटा.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो विल्यम जोन्स. फ्रियरटाउन वसण्याच्या आधीच, १८६४ च्या सुमारास, तो आणि सेम्लर मोम्बासाजवळच्या रबाई या जुन्या मिशनठाण्यावर गेले होते. पुढे रबाईचा कारभार जोन्सकडे आला. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईला येऊ लागले. पळालेल्यांना थारा देऊ नये, कायद्याने ते मालकाचे आहेत, अशी वरून ताकीद होती. मालक तलवारी घेऊन येत. जोन्सने तरी त्यांना ठेवून घेतले. त्याला ठाऊक होते पळणे म्हणजे काय. शेवटी १ जानेवारी १८८९ रोजी इंग्रज व्यापारी कंपनीच्या मॅकेंझीने मालकांना पैसे मोजून मिशनठाण्यांवरच्या सुमारे चौदाशे पळपुट्यांना मोकळे केले. शरणपुरात वाढलेल्या पोराने रबाईला दुसरे शरणपूर उभे केले होते. त्याला त्याच्या वरिष्ठांनी नाव दिले नाही, एवढेच.

१८८५ साली बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेम्लर यांना डीकन म्हणून दीक्षा दिली. वीस वर्षे धर्मकार्य केल्यावर चर्चच्या उतरंडीतली ही पहिली पायरी! त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाला, जोन्स बरोबर होता. ऑक्टोबरअखेर बिशप मारला गेला. वाटेत मागे ठेवलेला तांडा जोन्सने सांभाळून रबाईला परत आणला. पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला एक शब्द, 'ईखाबोद', म्हणजे वैभव गेले.

ही दीक्षेची दिरंगाई मी मुद्दाम सांगतो, कारण धर्मशिक्षणाच्या शाळेची गरज तिच्यातूनच निघते. आफ्रिकी माणसाला पाद्री करायचे तर त्याला शिकवायला हवे. इंग्लंडला धाडणे परवडत नाही, नाशिकची सोय संपली. तेव्हा जागेवरच शाळा हवी. लिमुरूचे विद्यापीठ आपला जन्म १९०३ चा मानते. त्या वर्षी फ्रियरटाउनला 'डिव्हिनिटी स्कूल' सुरू झाले. १९३० साली ते किनाऱ्यावरून उचलून लिमुरूच्या डोंगरावर नेले आणि सेंट पॉलचे नाव लाभले. नंतर प्रेस्बिटेरियन आणि मेथॉडिस्ट मंडळ्याही सामील झाल्या. १९५५ मध्ये ते 'युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज' झाले. देशात तेव्हा माऊ माऊ बंडाची आणीबाणी होती. त्याच १९५५ साली केनियाला पहिले दोन आफ्रिकी बिशप मिळाले, फेस्तो ओलांग आणि ओबादिया कारियुकी. जोन्सच्या डीकनपदापासून बरोबर सत्तर वर्षे! आणि २००७ मध्ये सरकारी सनद मिळून कॉलेजचे विद्यापीठ झाले.

हा क्रम एकट्या लिमुरूचा नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएरा लिओनमध्ये, याच मिशनरी संस्थेने १८२७ साली फुरा बे कॉलेज काढले. त्याचा पहिला विद्यार्थी सॅम्युएल क्राउथर, तोही गुलामांच्या जहाजावरून सोडवलेला. तो १८६४ साली बिशप झाला. युगांडात मुकोनो येथील १९१३ चे धर्मशास्त्र कॉलेज १९९७ साली ख्रिस्ती विद्यापीठ झाले. कारण साधे आहे. स्वातंत्र्यानंतर शिकणारी पिढी वाढली, सरकारी विद्यापीठे पुरेनात. सेमिनरीपाशी जमीन होती, ग्रंथालय होते, वसतिगृह होते, शिकवण्याची सवय होती. मग व्यापाराचा वर्ग सुरू झाला, संगणकाचा झाला. आपल्याकडे नगरचे अहमदनगर कॉलेज १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी काढले, तेही जुन्या मिशनच्या मुलखातच, आणि त्याचे दरवाजे सर्वांना उघडे होते.

मराठवाड्याच्या माणसाला हे सारे लवकर कळते. निजामी राजवटीत आमच्या भागातल्या मुलाने कॉलेजात जायचे तर हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठात, तिथले शिक्षण उर्दूत. माझे वडील शाळेसाठी बार्शीला नातेवाइकांकडे राहिले. परंड्याहून पंचवीस-तीस किलोमीटर, पण राज्य दुसरे, इंग्रजांचे. रविवारी बैलगाडीने यायचे आणि आईच्या हातची चटणी बांधून न्यायचे. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. तेव्हा परक्या मुलखात, परक्याच्या भाषेत शिकून गावी परतणे म्हणजे काय आणि परतल्यावर गाव किती परके वाटते, हे आमच्या घराला थोडेफार ठाऊक आहे. शरणपूरच्या मुलांचे दुःख त्याच्या शंभरपट.

आता पुण्यात केनिया, टांझानियाचे विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांतून राहताना दिसतात. घरमालकांच्या त्यांच्याबद्दलच्या कुरबुरी ऐकल्या, की मला लिव्हिंग्स्टनची रोजनिशी आठवते.

नाशिकच्या त्या मुलांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत जास्त जगला. लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्यावर आणणाऱ्यांत तो होता. म्हातारपणी मोम्बासाला राहत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांना त्या प्रवासाची हकीकत सांगत असे. तो १९३५ साली वारला. फ्रियरटाउनची शाळा लिमुरूच्या डोंगरावर जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती आणि तिथल्या बाकांवर शिकणारी मुले कोणाच्या गलबतातून सोडवलेली नव्हती. आपापल्या गावाहून, आपापल्या नावानिशी आलेली होती.