हिरव्या बांधावरून जाणारा घोडा

मोकळा सोडलेला घोडा दिवसातले साधारण 10 ते 17 तास चरण्यात घालवतो. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचे, आणि पोट रिकामे असले तरी त्यात आम्ल पाझरतच राहते. थोडेथोडे, सतत खाण्यासाठीच हे शरीर घडलेले आहे. त्यामुळे चालताचालता बांधावरच्या हिरवळीत मान घालणारा घोडा हट्टी किंवा बेशिस्त ठरत नाही. उपाशी घोड्याला गवताकडे दुर्लक्ष करायला शिकवू नये. शिकवण्याआधी त्याला पोटभर वाळले गवत द्यावे. त्याने आम्लापासून जठराचेही रक्षण होते आणि घोड्याचे लक्षही कामात राहते.

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत घोडा दिसतो तो बहुधा वरातीपुरता. कामाचे घोडे पाहायचे तर जवळचे ठिकाण माथेरान. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये त्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे वस्ती झाली. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे माणसे आणि सामान वाहायला घोडा लागतोच. पण गवताची परीक्षा शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या बाजूला जास्त कडक. जूनचा पाऊस पडला की माळ, बांध आणि रस्त्याची कड बघताबघता हिरवी होते. त्या हिरवळीत सगळेच खाण्याजोगे नसते. कुंपणाच्या कडेने माजलेली घाणेरी जनावरांना बाधते. महामार्गांच्या दुभाजकात लावतात त्या कण्हेरीची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेऊ शकतात. बांधावर तणनाशक मारलेले असेल तर ते नुसते पाहून कळत नाही. वाटेत तोंड न घालणे ही घोड्याच्या जिवाचीच गोष्ट आहे.

मळणीच्या खळ्यावर बैलाच्या तोंडाला मुसके बांधायची जुनी रीत. मुसके खाणे थांबवते, पण शिकवत काहीच नाही. ते सुटले की तोंड पेंढ्यात जाते. लगाम किंवा दोरी हिसडल्याने तर उलटेच घडते. दोरी ताणायच्या आत घास ओढता आला पाहिजे एवढे घोड्याला पक्के कळते आणि तो दिवसेंदिवस अधिक चपळाईने मान टाकू लागतो.

बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत हवे ते वागणे नेमके टिपते. घोड्याने योग्य ते केले त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. जिभेने केलेला टच-टच आवाज इथे चालत नाही, कारण घोड्याला तो चालण्याचा इशारा म्हणून माहीत असतो. ‘हां’ असा तुटक शब्द किंवा टिकटिक वाजणारी डबी चांगली. खाऊ म्हणजे चंदीतलेच चार भिजवलेले हरभरे किंवा गाजराचा तुकडा. तळहात सपाट ठेवून, गवताच्या विरुद्ध बाजूला, घोड्याच्या छातीच्या उंचीवर धरायचा. मान जिथे राहायला हवी तिथेच खाऊ मिळाला पाहिजे.

सुरुवात वैशाखात, उघड्या खळ्यावर करावी. तिथे मान वर ठेवून चार पावले चालण्याचे बक्षीस मिळू लागले, की दहा पावलांवर वाळल्या गवताची पेंढी ठेवायची. पुढे अंतर कमी करत जायचे, पेंढीच्या जागी ओला चारा आणायचा, आणि पहिल्या पावसानंतर बांध गाठायचा. ऋतूच इथे धडे चढत्या क्रमाने लावून देतो. बांधावरच्या पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक पावलाला बक्षीस द्यावे लागते. हात आखडला तर गवत सहज जिंकते.

सगळे कसब वेळ साधण्यात आहे. मान खाली जाण्याआधी घोडा सांगतो: एक कान गवताकडे वळतो, नाकपुडी फुलते, त्या बाजूचे पाऊल रेंगाळते, वरचा ओठ लांब होऊन थरथरतो. ‘हां’ म्हणायचे ते याच्याही आधी, किंवा घोड्याने स्वतःहून कान परत फिरवला त्या क्षणी. मान खाली गेल्यावर ती उचलल्याबद्दल खाऊ देणे ही सर्रास होणारी चूक. मान टाकायची, उचलायची, हरभरे खायचे, अशी साखळी घोडा दोन दिवसांत जोडतो. मान गेलीच तर न हिसडता, न बोलता पुढे चालावे, आणि पुढचा सराव गवतापासून थोडा लांब घ्यावा.

हरभऱ्यापेक्षा मोठे बक्षीस पायाखालीच असते. जास्त आवडीचे काम कमी आवडीच्या कामाचे बक्षीस होऊ शकते, हे डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने दाखवले. म्हणून बांध नीट पार केला की स्वच्छ, ओळखीच्या गवतापाशी थांबायचे, मान वर आणि सैल होऊ द्यायची, ‘चर’ म्हणायचे आणि दोरी ढिली सोडायची. थोड्या वेळाने खांद्यावर थाप मारून बोलवायचे. मान वर आली की हरभरे. इथे मान उचलणे माणसाच्या इशाऱ्यावर होते, म्हणून मघाची साखळी तयार होत नाही. गवत हिरावले जात नाही, परवानगीने मिळते, हे समजलेला घोडा वाटेत ओढाताण करत नाही. कोवळ्या गवतावर मात्र पहिल्या पावसात थोडाच वेळ सोडावे आणि तो रोज थोडाथोडा वाढवावा. चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठू शकतो, खुरांच्या आतही सूज येऊ शकते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर काढायची वाट नसते.

प्राण्यांना शिकवणाऱ्या केलर आणि मारियन ब्रेलंड यांनी 1961 मध्ये नोंदवले, की लाकडी नाणी पेटीत टाकायला शिकवलेली डुकरे पुढे तीच नाणी नाकाने उकरत बसली. खाऊने शिकवलेले वागणे उपजत सवयीकडे असे घसरू शकते, म्हणून सराव अधूनमधून चालूच ठेवावा लागतो. बक्षिसे विरळ करावीत ती आठवड्यांच्या हिशेबाने, आणि नव्या बांधावर पुन्हा दाट करावीत. घोडा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हाच नियम पाळावा. पोराने लाडाने एकदा वाटेत चरू दिले, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा दिले, तर कधीमधी मिळणाऱ्या त्या घासाची आशा रोज मिळणाऱ्या घासापेक्षा चिवट होते, आणि ती मोडायला पुन्हा खळ्यावरून सुरुवात करावी लागते.