मोठ्या माशाचे सामान : पैसा कोठे घालावा?

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. गिऱ्हाईक रंग पाहून भुलते. जाणकार ठाण उलटे करून आधी सूत पाहतो. मासे धरण्याच्या सामानाचेही तसेच आहे. दुकानात काठी आणि रीळ काचेच्या कपाटात मांडलेले असतात, गळ आणि कड्या खालच्या खणात. मोठा मासा मात्र बहुधा खालच्या खणातल्या मालापाशीच सुटतो.

चालत्या बोटीमागे लांब दोरी सोडून नकली मासा ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. पाणी विस्तीर्ण असेल आणि शिकारी मासा कोठे दडला आहे हे ठाऊक नसेल, तेव्हा ही पद्धत कामाची. एका दिवसात कित्येक किलोमीटर पाणी चाळता येते. यासाठी सामान कसे पारखावे, हे आम्ही इजिप्तमधल्या नासर सरोवराच्या उदाहरणाने सांगणार आहोत. कापसाच्या कामाने त्या देशात जाणे झाले, तेव्हा चार दिवस या सरोवरावर काढले आणि एक धडा पदरचे पैसे मोजून शिकलो.

आधी मासा ओळखावा

अस्वानचे मोठे धरण १९६० ते १९७० या काळात बांधले गेले. त्यामागे सुदानच्या हद्दीपर्यंत आणि त्याही पलीकडे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचे सरोवर साठले. वाळवंटातले डोंगर आणि कडे पाण्याखाली गेले आणि त्यांच्या आडोशाला नाईल पर्च हा मासा वाढला. इजिप्तमध्ये त्याला 'इशर बयाद' म्हणतात. उर्दू शिकलेल्यास हा 'बयाज' शब्द परका वाटणार नाही. पांढऱ्या सालीचा, असा त्याचा अर्थ. हा मासा दोन मीटरपर्यंत लांब आणि २०० किलोपर्यंत वजनाचा होऊ शकतो. काठी आणि रिळावर धरलेल्या नाईल पर्चचा जागतिक विक्रम याच सरोवरातला, सन २००० चा असून त्याचे वजन १०४.३२ किलो भरले.

त्याच्या तीन सवयी ध्यानात ठेवाव्यात. तो खडकाच्या कडेला दबा धरून बसतो. गळ लागताच तो पुन्हा खडकाकडे धाव घेतो किंवा पाण्याबाहेर उसळी मारून डोके झटकतो. त्याचे दात सुरीसारखे नसून कानसेसारखे खरखरीत असतात, पण कल्ल्याची कड धारदार असते. सामानाची सारी निवड या तीन गोष्टींवरून ठरते.

तंगूस की विणलेली दोरी?

धाग्याविषयी आम्ही थोडे अधिकाराने बोलू शकतो. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी तंतू. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला. तंगूस स्वस्त, गाठीला चांगला आणि घासण्याला चिवट. पण तो पाणी पितो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. शिवाय तो ताणतो, तुटण्याआधी २० ते ३० टक्के लांबतो. बोटीमागे ५० मीटर दोरी असेल तर माशाने तोंड मारल्यावर झटका गळापर्यंत पोहोचता पोहोचता निम्मा मरतो.

दुसरा प्रकार विणलेल्या दोरीचा. नाडा विणण्याच्या यंत्रावर चार किंवा आठ पेड एकमेकांवरून नेतात, त्याच तत्त्वावर ही तयार होते. तिचा तंतू खास प्रकारच्या पॉलिथिलीनचा असतो. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याची व्यापारी नावे. हा तंतू तीन-चार टक्क्यांहून फारसा लांबत नाही, पाणी पीत नाही आणि पाण्यावर तरंगतो. तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा ही दोरी पुष्कळ बारीक असते. बारीक दोरीला पाण्याचा अडथळा कमी, म्हणून आमिष अधिक खोल जाते आणि रिळावर जास्त दोरी मावते.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ताणलेली असताना खडकाची कड लागली तर ती पटकन कापली जाते. ती निसरडी आहे. साधी गाठ सरकते. रिळावर थेट गुंडाळली तर सारे बंडलच गरागरा फिरते, म्हणून खाली थोडा तंगूस गुंडाळून त्यावर ती चढवावी.

नाईल पर्चसाठी दोन्हींचा मेळ घालावा. मुख्य दोरी विणलेली, ५० पौंडांची म्हणजे सुमारे २३ किलोची, निदान २०० मीटर. तिच्या पुढे दीड-दोन मीटर जाड तंगूस, १०० पौंडांच्या वरचा. खडक आणि कल्ल्याची धार हा तंगूस सोसतो. या माशासाठी तारेची गरज नाही. पण त्याच सरोवरात सुरीसारख्या दातांचा टायगर फिश आहे, त्याच्या मागे लागायचे असेल तर तार हवीच.

रीळ आणि काठी

रिळात दोरीची लांबी पाहावी आणि ड्रॅग पाहावा. ड्रॅग म्हणजे आतल्या चकत्यांची पकड. ठरावीक ताणानंतर ती दोरी सोडू लागते. ती गुळगुळीत सुटली पाहिजे, अडखळत नव्हे. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ताण ठेवावा. २३ किलोच्या दोरीस तो सुमारे ६ ते ८ किलो होतो. हा ताण अंदाजाने न लावता किनाऱ्यावरच स्प्रिंगच्या काट्याला दोरी बांधून मोजावा.

यात एक हिशेब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मासा दोरी घेऊन पळाला की रिळावरचे बंडल बारीक होते. बंडलाचा घेर निम्मा झाला तर तोच ड्रॅग दोरीवर दुप्पट ताण देतो. म्हणून मासा दूर गेल्यावर ड्रॅग आवळणे म्हणजे आपल्याच हाताने दोरी तोडणे होय.

काठी सहा ते सात फुटांची पुरे. विणलेली दोरी ताणत नसल्याने झटका सोसण्याचे काम काठीला करावे लागते. म्हणून कडक कार्बनपेक्षा काचतंतूची, शेंड्याला लवणारी आणि बुंध्याला भक्कम काठी बोटीवर अधिक उपयोगी. ती स्वस्तही असते.

आमिष : कारागिराची अक्कल

नकली माशाच्या तोंडाखाली जिभेसारखी पट्टी असते. बोट चालली की पाणी त्या पट्टीवर दाबते आणि आमिष डुलत खाली जाते. हे तंत्र जगभर नेणाऱ्यांत फिनलंडच्या लाउरी रापाला यांचे नाव आहे. गरीब मच्छीमार असलेल्या या माणसाने १९३६ साली बूच कोरून नकली मासा केला. वर चॉकलेटचा चांदीचा कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. शिकारी मासा थव्यातल्या लंगड्या माशावरच झडप घालतो, हे त्यांनी पाण्यावर बसून पाहिले होते आणि ते डुलणे लाकडात उतरवले. आपल्या कारागीर बांधवांनी हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

खरेदी करताना रंगाआधी हे पाहावे की गळाची कडी आतून आरपार तारेला जोडलेली आहे की नुसती लाकडात फिरवलेली आहे. नुसती फिरवलेली कडी मोठा मासा उपटून नेतो.

खालच्या खणातला माल

आता आमचा धडा. तिसऱ्या दिवशी सकाळी एका बुडालेल्या कड्याजवळून बोट जात असता काठी वाकली आणि रीळ ओरडू लागले. काठी टिकली, दोरी टिकली, गाठही टिकली. पाचेक मिनिटांनी सारे एकदम ढिले पडले. दोरी ओढून पाहिली तर आमिष अडकवण्याची जोडकडी उलगडून सरळ झाली होती. ती आम्ही मुंबईत डझनाच्या भावाने घेतली होती आणि पाकिटावर १०० पौंड छापले होते. नूबी नावाड्याने ती हातात घेतली आणि मोडक्या इंग्रजीत एवढेच विचारले, "कितीला घेतलीत?" किंमत ऐकून तो हसला नाही, हे आम्हाला जास्त लागले. मासा तोंडात दोन तिहेरी गळ घेऊन गेला होता. आमचा एक दिवस फुकट गेला, त्याचा कदाचित जीव गेला.

त्या रात्री आम्ही डब्यातली प्रत्येक कडी पक्कडीत धरून स्प्रिंगच्या काट्याने ओढली. अर्ध्याहून अधिक २० किलोच्या आतच उघडल्या. तेव्हापासून आमचा नियम असा : भोवरकडी, जोडकडी, दुहेरी वेढ्याची कडी आणि जाड तारेचा गळ, प्रत्येक नगाची दोरीइतक्या ताणावर परीक्षा. जो नग नापास, तो पाण्यात जाणार नाही. गळाचे उलटे टोकही आम्ही पक्कडीने दाबून ठेवतो, म्हणजे न ठेवायचा मासा लवकर मोकळा करता येतो.

खरेदीचा क्रम

ज्याच्याकडे पैसा मोजका आहे त्याने उलट्या क्रमाने खरेदी करावी. आधी गळ आणि कड्या, मग दोरी, मग ड्रॅग पाहून रीळ, मग आमिष आणि उरलेल्या पैशात काठी. दोरीची जाडी मायक्रोमीटरने मोजावी. छापील पौंडांवर जाऊ नये.

हे सामान विकणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. आकडा कारखान्याने छापला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. प्रत्येक नव्या मालातले चार नग काट्यावर ओढून पाहावेत आणि जे वजन खरे भरेल तेच गिऱ्हाईकाला सांगावे. कमी आकडा सांगितल्याने एखादी विक्री जाईल. पण ज्याची कडी उघडली नाही, ते गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढेल. ज्या दुकानातून आम्ही ती डझनभर कड्या घेतल्या, तेथे आम्ही परत गेलो नाही.